चौघी कोल्हापूरकरणी आणि बँकॉकचं थाई जेवण

लक्ष्मीपुरीत आमचं मसाल्याचं दुकान आहे आणि मागच्या अंगणात मिरची-मसाला कुटायचा डंक. मार्च ते मे ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरचीची पोती उतरत असतात आणि वर्षाची चटणी कुटून न्यायला बायका डबे घेऊन नंबर लावतात. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे कुठेही जेवायला बसले की माझं पहिलं लक्ष वाटणाकडे जातं. बँकॉकला गेलो तेव्हाही तसंच झालं.

आम्ही चौघी होतो. मी, थोरल्या जाऊबाई, शेजारच्या काकी आणि पुण्यात नोकरी करणारी पुतणी. काकी जैन. प्रवासात कंदमुळांचं फारसं पाळत नाहीत, पण कांदा-लसूण नाही आणि मासळी-मटणाचं नावही नको. पुतणीने मुंबईतूनच शेवटच्या रात्रीचं टेबल ठरवलं होतं. साफान ताक्सिन स्टेशनपासून थोडं चालत, चाओ फ्राया नदीच्या काठी जुन्या सागवानी घरात हे हॉटेल आहे. एक तक्रार लिहायची आहे, म्हणून नाव देत नाही.

पहिल्यांदा आलं म्यांग खाम. परातीएवढ्या ताटात लहान लहान वाट्या : भाजलेल्या खोबऱ्याचे तुकडे, आलं, सालासकट बारीक चिरलेलं लिंबू, शेंगदाणे, कांदा, सुकट, हिरवी मिरची आणि ताडगुळाचा दाट पाक. सोबत हिरवीगार पानं. पान नागवेलीच्याच जातकुळीतलं, फक्त पातळ आणि तिखटपणा कमी. जाऊबाईंनी कुणी सांगायच्या आधीच पानाचा द्रोण केला, प्रत्येक वाटीतलं चिमूटभर घातलं, वरून पाक सोडला आणि विड्यासारखा अख्खा तोंडात टाकला. आधी गोड लागतं, मग लिंबाची साल कडू मारते, मग खोबरं, आणि सगळं संपल्यावर मिरची येते. त्या तीन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. काकींसाठी कांदा आणि सुकट नसलेलं वेगळं ताट आणलं होतं, हे फार बरं वाटलं.

मग तोम खा. नारळाच्या दुधातलं कोंबडीचं सार, आणि 'खा' म्हणजे आपलं कुलिंजन. दुकानात मी ते वाळलेलं विकते, घसा बसलेली माणसं आणि भजनी मंडळी नेतात. ओल्या कुलिंजनाचा वास मी पहिल्यांदाच घेतला. पहिल्या घोटाला पांढऱ्या रश्शाची आठवण आली खरी, पण आपला पांढरा रस्सा खसखस-काजूने अंग धरतो आणि मटणाच्या अळणीवर उभा राहतो. हे हलकं आहे, लिंबाने आंबट आहे, आणि गवती चहाचे कांडे तळाशी तसेच राहतात. ते खायचे नसतात, वाटीत बाजूला काढायचे. दोन्हींची तुलना करून एकाला कमी ठरवायला मी तयार नाही. मी दोन वाट्या प्याले.

आता तक्रार. कच्च्या पपईची कोशिंबीर, म्हणजे सोम ताम, मागवताना काकींचं व्हेज असल्याचं आम्ही दोनदा सांगितलं. ताट आलं. काकींनी एक घास घेतला आणि चमचा ठेवला. "अगं, ह्यात मासळीचा वास येतोय." मी चाखलं, खरंच माशांचा सॉस होता, तिथे ज्याला नाम प्ला म्हणतात. काकींचा चेहरा उतरला. सत्तरी गाठलेल्या बाईचं आयुष्यभराचं व्रत परदेशात एका घासाने मोडावं, हे मला सहन झालं नाही आणि मी आवाज चढवला. एवढे पैसे घेणाऱ्या ठिकाणी ही चूक होता कामा नये.

वाढणाऱ्या मुलीने हात जोडून माफी मागितली आणि आतून एका वयस्कर बाईंना घेऊन आली. त्या स्वयंपाकीण होत्या. त्यांनी पुतणीला समजावलं की नुसतं व्हेज सांगून भागत नाही, 'जे' असं सांगायचं. 'जे' म्हणजे मांस, मासळी, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. रस्त्यावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसतं, ते याच जेवणाचं. मग त्या आम्हाला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन गेल्या आणि समोरच नवं सोम ताम केलं.

तिथे मला दोन खल दिसले. मातीचा उंच, लाकडी बत्त्याचा, तो पपईसाठी. बत्ता जोरात मारत नाहीत, डाव्या हाताने चमच्याने पपई उलटत राहतात आणि उजव्याने दाबत जातात, म्हणजे पपई पिचते पण तिचा लगदा होत नाही. दुसरा काळ्या दगडाचा, बुटका आणि जड. त्यात भिजवलेली लाल मिरची, कुलिंजन, गवती चहा, कोथिंबिरीची मुळं, लिंबाची साल कुटून करीचं वाटण होतं. बाजूला मिक्सर होता, पण करीला तो लावत नाहीत म्हणाल्या. मी त्या खलात बोट घालून वास घेतला. चक्कीत मिरची तापते आणि वास उडतो, कुटताना तो आत राहतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. मला भरून आलं. मिठा-सोयाचं सोम ताम काकींनी ताट स्वच्छ करून खाल्लं.

मासामान करी चांगली होती, वेलदोडा-दालचिनी-जायफळाची, आपल्या जिभेला ओळखीची. चिकट भात आणि आंबा गोड होता. हापूस आंबा आहे तो आहेच, पण नारळाच्या दुधातला खारट भात आंब्याबरोबर इतका जमतो हे माहीत नव्हतं.

मेनूवरच्या किमतींची बेरीज ५५०० बाट झाली आणि बिल ६४७३ चं आलं. किमतींपुढे दोन अधिकचिन्हं असतात, त्यांचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ७ टक्के व्हॅट. आपल्या सोळा-सतरा हजार रुपयांच्या घरात गेलं. माझ्या मते योग्य, पण आधी हिशोब करून बसा.

जाणार असाल तर टेबल सांगतानाच 'जे' लिहून कळवा. आणि सगळे नदीकडची खिडकी मागतात, तुम्ही स्वयंपाकघराच्या बाजूचं टेबल मागा. तिथे बत्त्याचा आवाज ऐकू येतो.