कीबोर्डचा ‘बोर्ड गेलाय’ असं कुणी सांगितलं असेल, तर आधी तपकीर गल्लीतल्या या काकांना दाखवा

माझा पुण्यात सहकारनगरला सुगम संगीताचा क्लास आहे. बहुतेक मुली काळी चारमध्ये, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गातात, त्यामुळे 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर मधली काळी चार आणि तिचा पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातली काळी दोन, या दोन पट्ट्यांना दिवसभर उसंत नसते. नेमक्या त्याच बिघडल्या. काळी चारवर अलगद बोट ठेवलं तरी ती ठणकन वाजायची आणि गाणारी मुलगी दचकायची. काळी दोन कधी वाजायची, कधी मुकीच राहायची. त्यात डावा स्पीकर बंद पडला आणि मागे सतत एक बारीक गुणगुण सुरू झाली. तानपुरा लावायला बसलं की ती गुणगुण कानात खुपायची.

एका सर्व्हिस सेंटरने कीबोर्ड न उघडताच ‘मेन बोर्ड गेलाय’ म्हणून सांगितलं. सांगितलेला खर्च ऐकून नवीनच घ्यावा असं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी या दुकानाचा पत्ता दिला.

दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक अरुंद खोली. काकांनी कीबोर्ड हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला, “ताई, अडॅप्टर मूळचाच आहे का?” तो नव्हता. जुना हरवल्यावर आम्ही बाजारातून दुसरा आणला होता. काकांनी अडॅप्टर काढून कीबोर्ड बॅटरी सेलवर लावला आणि गुणगुण तिथल्या तिथे थांबली. म्हणजे गुणगुणीचा दोष कीबोर्डात नव्हताच. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना 12 व्होल्ट लागतात, कॅसिओच्या जुन्यांना 9, आणि त्या जुन्या कॅसिओंची मधली पिन निगेटिव्ह असते, इतर बऱ्याच अडॅप्टरच्या उलट. म्हणून नुसती पिन बसते म्हणून अडॅप्टर घेऊ नका, असं त्यांनी बजावलं.

मग त्यांनी टच रिस्पॉन्स, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारी सोय, बंद करून काळी चार वाजवायला सांगितली. ती शेजारच्या पट्ट्यांइतकीच वाजली. “बोर्ड ठीक आहे, रबर खराब झालंय,” असं म्हणून त्यांनी स्क्रू काढायला घेतले.

पुढचं त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं, आणि या दुकानाबद्दल आवर्जून लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. पट्ट्यांखाली साधारण एकेका सप्तकाचं लांब रबर असतं. प्रत्येक पट्टीखाली त्या रबराला दोन फुगवटे असतात आणि त्यांच्या आत कार्बनचे काळे ठिपके. पट्टी दाबली की एक ठिपका आधी टेकतो, दुसरा किंचित मागून. या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला त्यावरून कीबोर्ड ओळखतो की बोट हळू पडलं की जोरात. धूळ किंवा घामाचा ओलावा शिरून एक ठिपका नीट टेकेनासा झाला, की हिशोब चुकतो. मग आवाज एकदम चढतो किंवा येतच नाही. माझ्या काळी चारचा एक ठिपका चकचकीत राखाडी झाला होता आणि ठिपके जिथे टेकतात त्या खालच्या सर्किटच्या पाटीवर केसाएवढा धागा चिकटला होता.

काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पाटी हलक्या हाताने पुसली. घासकागद किंवा ब्लेड लावायचं नाही, कार्बनचा थर निघून जातो, हे दोनदा सांगितलं. काळी दोन नुसत्या पुसण्याने सुधारली. काळी चारचं रबर मात्र खरंच झिजलं होतं. तेव्हा त्यांनी सगळ्यात वरच्या, क्वचितच वाजणाऱ्या सप्तकाचं रबर मध्ये आणलं आणि मधलं तिकडे नेलं. दोन्ही एकाच मापाची होती. नवीन रबर माझ्या गळ्यात मारणं त्यांना सहज शक्य होतं, तरी त्यांनी ते केलं नाही.

डाव्या स्पीकरचा दोष हेडफोनच्या जॅकमध्ये निघाला. हेडफोन खुपसला की आतल्या बारीक पत्र्या उचलल्या जातात आणि स्पीकर बंद होतात. त्यातली एक पत्री गंजून तशीच अडकली होती. काकांनी ती साफ केली, जॅकचे सोल्डरचे टाके नव्याने मारले. शेवटी खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात वाजवून दाखवली. मजुरी 900 रुपये. त्यानंतर आमच्या क्लासची गुरुपौर्णिमा याच कीबोर्डवर झाली आणि एकही स्वर दगा देऊन गेला नाही.

तक्रारी आहेत. पावतीवर फक्त रक्कम असते, काय काम केलं ते लिहीत नाहीत. ते लिहायलाच हवं. फोन बहुतेक वेळा उचलत नाहीत. जिना उभा आहे, एकट्याने कीबोर्ड वर नेणं अवघड जातं, आणि गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा रिक्षाने जा.

गणपतीच्या आधी ऑर्केस्ट्रावाल्यांची कामं साठलेली असतात, त्या दिवसांत घाई करू नका. जाताना तुमचा स्वतःचा अडॅप्टर आणि सस्टेन पेडल (पायाने दाबून स्वर लांबवायचं) दोन्ही न्या. पेडलवर पाय असताना कीबोर्ड चालू केला तर बऱ्याच मॉडेलमध्ये पेडल उलटं चालतं आणि स्वर लांबत राहतात. ते काका तुमच्यासमोर फुकट तपासून देतात.