चंद्राचा तुकडा ओढून आणणारी खाण : ‘ईव्ह ऑनलाइन’मधील चंद्र-खाणकामाचे परीक्षण

अंतराळावरच्या ऑनलाइन गेममध्ये खाणकाम म्हटले की खडकासमोर यान उभे करायचे, लेझर सुरू करायचा आणि गोदाम भरेपर्यंत चहा करून यायचे, अशीच बहुतेकांची कल्पना असते. आइसलंडमधील सीसीपी या कंपनीचा, मे २००३ पासून चालू असलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा गेमही त्याला अपवाद नाही. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘लाइफब्लड’ या विस्तारातून त्यात जे नवे चंद्र-खाणकाम आले, ते मला या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक रचलेले वाटते. त्यातले लेझरचे काम पूर्वीइतकेच कंटाळवाणे आहे. रचनाकारांनी बदलले ते त्या कामाभोवतीचे वेळापत्रक, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधीची व्यवस्था समजल्याशिवाय हे कौतुक पटणार नाही. पूर्वी चंद्राजवळ तळ उभारून त्यावर खनिज खेचणारे यंत्र बसवले की ते दर तासाला १०० एकक माल आपोआप जमा करी. खेळाडूंच्या बोलीत या मालाला ‘मून गू’ म्हणतात आणि वरच्या प्रतीची याने, शस्त्रे बनवायची तर त्याच्यावाचून चालत नाही. म्हणजे चंद्र एकदा ताब्यात आला की तळाला इंधन घालणे आणि माल उचलणे एवढेच काम उरे, आणि सगळा पैसा अलायन्सच्या, म्हणजे खेळाडूंच्या अनेक गटांच्या युतीच्या, चार-दोन म्होरक्यांच्या तिजोरीत जाई. टेक्नेशियम हा धातू तर प्रामुख्याने गेमच्या नकाशातील उत्तरेकडच्या चंद्रांवरच सापडत असे. तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या मोठ्या अलायन्सनी तेल उत्पादक देशांच्या ‘ओपेक’च्या धर्तीवर ‘ओटेक’ नावाची टोळीच बनवली आणि भाव हवे तसे चढवले. शेतात न उतरता खंड वसूल करणाऱ्या जमीनदाराची आठवण यावी, असा हा सगळा मामला होता.

नव्या रचनेत चंद्रांवरच्या खनिजांची फेरवाटणी झाली, त्यामुळे सर्वांना नव्याने सर्वेक्षण करावे लागले. आता चंद्राजवळ ‘अथॅनॉर’ किंवा त्याहून मोठी ‘टटारा’ ही रिफायनरी उभारून तिच्यावर ड्रिल बसवायचे, आणि कमीत कमी ६ ते जास्तीत जास्त ५६ दिवसांची मुदत ठरवून चंद्राचा एक प्रचंड तुकडा वर ओढायला लावायचा. मुदत जितकी लांब, तितका तुकडा मोठा. तो वर पोहोचला की मालकाने तो फोडायचा. त्याने तीन तासांत फोडला नाही, तर आपोआप फुटतो आणि रिफायनरीच्या शेजारी खडकांचा पट्टा तयार होतो. हा पट्टा साधारण दोन दिवसच टिकतो, आणि त्यातले खडक कुणाच्याही मालकीचे नसतात. वाटेने जाणारा परका माणूसही येऊन खुशाल खणू शकतो.

या शेवटच्या नियमावर मी फिदा आहे. रिफायनरी मालकाची असली तरी माल काढायला माणसे लागतात, म्हणून मालकाला सभासदांना वेळ कळवावी लागते, पहारा ठेवावा लागतो, आणि शत्रूला ती वेळ समजली तर त्यालाही नेमके तेव्हाच येता येते. एकेका खेळाडूने किती माल काढला, हे त्याच विस्तारात आलेल्या खाणवहीत नोंदले जाते. त्यावरून कॉर्पोरेशनला, म्हणजे खेळाडूंच्या संघटित गटाला, हिशेब करून आपला वाटा मागता येतो. ‘व्हेंचर’सारखे छोटे यान घेऊन आलेला, एक पैसाही न भरता खेळणारा नवखा आणि ‘हल्क’ हे खाणकामाचे मोठे यान घेऊन आलेला जुना खेळाडू एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी खणतात, गप्पा मारतात. गेममधली माझी बहुतेक ओळखपाळख अशाच पट्ट्यांत झाली.

तक्रारीही आहेत. खडक निवडा, लेझर सोडा, वाट पाहा, माल हलवा, पुन्हा खडक निवडा, यात कौशल्याला जवळजवळ वाव नाही. ज्या गेमने तुकडा ओढण्याची इतकी सुंदर दृश्ये दिली, त्याने खडकाच्या आत काय दडले आहे याचा अंदाज घेण्याचे एखादे छोटे कसब तरी द्यायला हवे होते. दुसरी अडचण भारतीय खेळाडूंची. गेमचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. माझ्या युरोपीय सोबत्यांनी तुकडा फोडण्यासाठी गेमच्या घड्याळातले संध्याकाळचे सात धरले की माझ्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात; सकाळी उठून जावे, तर मोलाचे खडक संपून चिल्लर उरलेली असते. (रोजच्या देखभालीसाठी सर्व्हर बंद होतो तो मात्र आपल्या दुपारी साडेचारला, ही थट्टाच म्हणायची.)

जून २०२४ मध्ये ‘इक्विनॉक्स’ विस्ताराबरोबर ‘मेटेनॉक्स’ हे स्वयंचलित ड्रिल आले, आणि आपोआप जमा होणारा माल पुन्हा अवतरला. पूर्वीची चूक ओळखून रचनाकारांनी त्याला बऱ्याच वेसणी घातल्या आहेत : त्याला नेहमीच्या इंधनाबरोबर ग्रहांवरून मिळणारा मॅग्मा वायू सतत पुरवावा लागतो, त्यातून मिळणारा माल माणसांनी खणून काढलेल्या मालापेक्षा कमी भरतो, आणि त्यावर बचावाची शस्त्रे बसवता येत नाहीत. त्यामुळे ज्यांना खणायला पुरेशी माणसे जमवता येत नाहीत, अशा छोट्या गटांचीही सोय झाली, हे मान्य. पण जिथे पट्टा फुटायचा आणि चाळीस जण जमायचे, तिथे यंत्र एकटेच गुरगुरत असलेले पाहून मला काही आनंद होत नाही.

नव्याने येणाऱ्याने माझ्या मते ड्रिलच्या भानगडीत न पडता आधी रिफायनरी असलेल्या एखाद्या कॉर्पोरेशनमध्ये शिरावे आणि शिरण्यापूर्वी त्यांचे तुकडे कोणत्या वारी, किती वाजता फुटतात, हे विचारून घ्यावे. शनिवार-रविवारी दुपारी फोडणारा गट मिळाला, तर लगेच हो म्हणावे.