क्यूजीआयएसवर पाण्याचा नकाशा: वर्गात वर्षभर वापरून

क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, आणि एका तालुक्यापुरता डेटा कापून घेतला तर ४ जीबी रॅमच्या संगणकावरही रखडत नाही. राज्यभरातल्या गावांच्या सीमा एकदम उघडल्या की मात्र संगणक मान टाकतो. आवृत्ती एलटीआरच (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी, स्थिर) घ्या. सगळ्या संगणकांवर एकच असली की अर्धी डोकेदुखी वाचते.

धड्यासाठी महाड तालुका उत्तम. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह मुलांना पाठ असतो. त्याच तालुक्यात २०११ च्या जनगणनेनुसार कुठल्या गावात पाणी घरापासून लांब होतं, हे नकाशावर बघायचं. गावनिहाय अनुसूचित जातींची लोकसंख्या एका तक्त्यात, पाण्याची जागा घरयादीच्या तक्त्यात. दोन्ही तक्ते गावांच्या सीमांना जोडायचे (यालाच 'जॉईन' म्हणतात) ते जनगणनेच्या कोडवरून. नावावरून जोडू नका, कारण एकाच नावाची गावं असतात आणि स्पेलिंग दर तक्त्यात वेगळं. गावाच्या कोडबरोबर तालुक्याचा कोडही वापरत असाल तर तो पाच अंकी, सुरुवातीला शून्य. सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की तो शून्य गळतो आणि जॉईनमध्ये सगळीकडे 'नल', म्हणजे रिकामं, येतं. फाइल थेट क्यूजीआयएसमध्ये घ्या, कोडचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा.

रंग आकड्यांवर नाही, टक्केवारीवर द्या, नाहीतर फक्त मोठी गावं गडद दिसतात. मग रंगांचे गट पाडण्याची पद्धत 'इक्वल इंटरव्हल'वरून (टक्क्यांचे समान टप्पे) 'क्वान्टाइल' (प्रत्येक गटात सारखी गावं) करून दाखवा. डेटा तोच, पण गावं गरीब-श्रीमंत झाल्यासारखी वाटतात. वर्गातली सगळ्यात चांगली चर्चा इथेच होते.

जनगणनेत ग्रामीण भागात 'लांब' म्हणजे ५०० मीटरपेक्षा जास्त. पाण्याच्या जागेभोवती तेवढ्या अंतराचा पट्टा, म्हणजे बफर, काढताना आधी लेयर (नकाशाचा थर) ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक-पद्धतीत रूपांतरित करा (नागपूरकडे ३२६४४). अक्षांश-रेखांशांच्या अंशांतल्या लेयरवर ५०० टाकलंत तर ५०० अंशांचा बफर मागितल्यासारखं होतं. बफर सरळ रेषेतला असतो, हेही सांगायला हवं. मध्ये ओढा किंवा चढ असेल तर पायी अंतर सहज दुप्पट. 'सर्व्हिस एरिया' हे टूल वाटेवरून मोजतं, पण ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर वाड्यावस्त्यांच्या पायवाटा बऱ्याचदा नसतातच. त्या मुलांकडून आधी काढून घ्याव्या लागतात.

खरी अडचण गावाच्या सरासरीची. गावठाणात नळ, वस्तीत टँकर, आणि नकाशावर गाव एकाच रंगाचं! म्हणून क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचे नकाशे घेऊन जागेवर नोंदी करायचं अ‍ॅप मोबाइलवर टाकून विहिरी, नळकोंडाळी, हातपंप टिपायचे. जीपीएस उघड्यावर ५-१० मीटर चुकतं, अरुंद बोळात त्याहून जास्त. अचूकतेचा आकडा स्थिरावल्याशिवाय बिंदू सेव्ह करू देऊ नका. फॉर्ममध्ये पाणी किती तास येतं, उन्हाळ्यात आटतं का, एवढेच प्रश्न पुरे.

घराघराची जात मात्र कधीच टिपायची नाही. अख्ख्या वस्तीच्या सीमेचा एकच बहुभुज काढा. जुन्या नकाशांवर वस्त्यांची जातिवाचक नावं अजून आहेत. राज्य सरकारने २०२० मध्ये ती बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा छापण्याआधी लेबलं ग्रामपंचायतीतल्या आजच्या नावांशी ताडून घ्या.