फायबर म्हणून नक्की काय घेताय?

नेट घेताना सगळे विचारतात, किती एमबीपीएस? मी आधी विचारतो, घरात येणारी तार कसली?

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं एडीएसएल नव्यानं घेऊच नका. त्यातल्या सुधारित प्रकारालाही डाउनलोड फार तर २४ एमबीपीएस, तेही एक्स्चेंज जवळ असेल तर. अंतर वाढलं की वेग घसरतो. (५६ केबीपीएसच्या मोडेमची किरकिर ऐकलेल्या आमच्या पिढीला तेही विमान वाटलं होतं!)

खरा घोळ ‘फायबर’ या शब्दात आहे. फायबर म्हणजे काचेची, प्रकाशावर चालणारी तार. मुंबईतल्या कित्येक इमारतींत फायबर फक्त गच्चीवरच्या पेटीपर्यंत येतं. तिथल्या स्विचमधून (म्हणजे नेट घराघरांत वाटणाऱ्या डब्यातून) घरात उतरते ती साधी लॅन केबल, तांब्याची. स्विच जुना असेल तर वेग शंभराच्या वर सरकत नाही, मग प्लॅन तीनशेचा का असेना. शिवाय स्विचला वीज लागते. आमच्या दादरच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरची लाइट गेली की घरातला राउटर इन्व्हर्टरवर खुशाल लुकलुकतो आणि नेट गायब. फोन केला की तिकडून ठरलेलं उत्तर, ‘राउटर बंद-चालू करून बघा.’ थेट घरापर्यंत फायबर असेल तर मधला स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या अनेक शाखा करणारा भाग, विजेशिवाय चालतो. जीपॉन या घरोघरी फायबर देण्याच्या पद्धतीत एका फायबरवर सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ अपलोड असतं, ते बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. घरासाठी मी डोळे झाकून हेच घेईन.

भाड्याची जागा असेल किंवा सेक्रेटरी भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर फाइव्ह-जीवरचं वायरलेस कनेक्शन बरं. पण टॉवर सगळ्यांचा, त्यामुळे संध्याकाळी स्वतः वेग तपासून मगच ठरवा.

लीज्ड लाइन म्हणजे ऑफिसापुरती राखीव लाइन. तिच्यात वेग वाटून घ्यावा लागत नाही, अपलोड-डाउनलोड सारखं आणि बिघाड किती वेळात दुरुस्त होईल याचा करार. पैसेही तसेच मोजावे लागतात. ऑफिसात सर्व्हर नसेल तर त्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांची साधी कनेक्शन्स ठेवा.

आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, जेमतेम साडेबारा. एमबीपीएस मोजतात बिट्समध्ये, एमबी बाइट्समध्ये, आणि आठ बिट्सचा एक बाइट.

वायरमन आला की जिन्यातून आलेल्या तारेचं टोक बघा. हिरवं किंवा निळं चौकोनी टोक असेल तर फायबर. पारदर्शक क्लिपमध्ये आठ रंगीत तारा दिसल्या, तर ती लॅन केबल. सही त्यानंतर करा.