एडीएचडी आणि सोबतचा आजार: कुठली गोळी कुणाला मानवते

गेल्या महिन्यात तासगावहून मावसभाऊ आला. द्राक्षबागेचा माणूस, वय ३६. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलपणाच्या आजारासाठी, मिरजेत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून थेट माझ्याकडे सांगलीच्या विश्रामबागेत. चहा टेकवायच्या आत विचारलं, "आक्का, डॉक्टर म्हणाले दोन वाटा आहेत, मिथाईलफेनिडेट नाहीतर अॅटोमॉक्सेटिन. विचार करून या. तू दोन्ही घेतल्यास ना? चांगली कुठली?"

मी विचारलं, एडीएचडी सोडून तुला अजून काय काय आहे? बीपी जरा वर असतं, म्हणाला. मग थोड्या वेळाने, तंबाखू आहे. मग अजून थोड्या वेळाने, रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. बीपी तेवढं डॉक्टरांना माहीत होतं. बाकीचं त्याने सांगितलंच नव्हतं, कारण "ते त्यातलं वाटलं नाही".

तेच त्यातलं आहे. चार वर्षं औषधं घेऊन मला कळलं ते हे, की मोठ्या वयातल्या एडीएचडीत कुठली गोळी जास्त जोरकस आहे यापेक्षा सोबत कुठला आजार बसलाय यावर निवड ठरते. मी डॉक्टर नाही, कर सल्लागाराच्या ऑफिसात विवरणपत्रं भरते. हे लिहितेय ते डॉक्टरांसमोर बसण्याआधी डोक्यात नकाशा असावा म्हणून.

आधी त्या दोन गोळ्या.

मिथाईलफेनिडेट मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही दोन्ही रसायनं परत शोषली जाणं रोखते. तासाभराच्या आत परिणाम जाणवतो. साधी गोळी तीन-चार तास टिकते, सावकाश सुटणारी १० ते १२ तास. तिचा मोठा गुण असा की जमतेय की नाही ते लवकर कळतं. मी ती पहिल्यांदा घेतली त्या दिवशी साडेअकरा वाजता मान वर केली तेव्हा तीन फायली पूर्ण झाल्या होत्या आणि मधे एकदाही उठले नव्हते. बाथरूममध्ये जाऊन रडले. चाळिशीपर्यंत लोकांनी आळशी म्हटलेलं, मीही स्वतःला तेच म्हणत आलेली.

तोटेही लगेच दिसतात. दुपारची भूक मरते, छातीत धडधडतं, नाडी आणि बीपी थोडं चढतं. संध्याकाळी गोळी उतरताना माणूस चिडका होतो आणि घरचे नेमके तेव्हाच समोर असतात. उशिरा घेतली तर झोप गेली. मी सकाळी पोटभर खाऊनच गोळी घेते, कारण नंतर जेवण जात नाही हे माहीत झालंय.

अॅटोमॉक्सेटिन मुख्यतः नॉरअॅड्रेनलिनवर काम करते आणि सवय लावणाऱ्या औषधांत मोडत नाही. मोठ्यांना साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत नेतात. गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. दोन आठवड्यांत मळमळ, कोरडं तोंड आणि सुस्ती मिळते, फायदा अजून वाटेत असतो, मग "गुणच नाही" म्हणून डबी कपाटात. जेवणानंतर घेतली तर मळमळ बरीच कमी होते, म्हणून चतुर्थी-एकादशीचे कडक उपवास करणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं. पुरुषांना लघवीला अडखळणं, लैंगिक तक्रारी होऊ शकतात. लाजून गप्प बसू नये, डोस बदलून बघता येतो. क्वचित यकृताला त्रास होतो. लघवी गडद, डोळे पिवळे दिसले तर थांबून तपासणी. पण एकदा लागू पडली की दिवसभर सारखी राहते, संध्याकाळी उतरणं नाही. सकाळी उठल्यापासून पोरांच्या शाळेची गडबड सांभाळणाऱ्या बाईला हा फरक मोठा वाटेल.

मिळण्याच्या बाबतीत दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिथाईलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते. डॉक्टर चिठ्ठी दोन प्रतींत देतात, त्यातली एक मेडिकलवाला दोन वर्षं जपून ठेवतो, आणि दुकानाला वेगळा परवाना लागतो. १८९४ साली वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी दवाखाना काढल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव, तरी मला ती तिथेही मोजक्या दुकानांतच मिळते. जत किंवा आटपाडीहून येणाऱ्याने हा फेरा हिशेबात धरावा. पुरात रस्ते बंद होतात हेही धरावं, २०१९ आणि २०२१ आपण पाहिलंय. अॅटोमॉक्सेटिन साध्या चिठ्ठीवर मिळते. परदेशातल्या चर्चांमध्ये अॅम्फेटामिनच्या गोळ्यांचं कौतुक वाचून इथे शोधत बसू नका, इथल्या मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत.

ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मोठ्यांसाठी पहिली पसंती मिथाईलफेनिडेट किंवा लिस्डेक्सअॅम्फेटामिन (अॅम्फेटामिनचाच एक प्रकार), आणि अॅटोमॉक्सेटिन त्यानंतर. म्हणजे सोबत काही नसेल आणि हृदय-बीपी ठीक असेल तर इथे मिथाईलफेनिडेटपासून सुरुवात सरळ दिसते. पण सोबत काही नाही असा मोठा माणूस मला तरी क्वचितच भेटतो.

सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर

यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण इथेच माझी दोन वर्षं गेली.

मला आधी फक्त चिंतेसाठी फ्लुओक्सेटिन सुरू होती. धडधड कमी झाली, रडू थांबलं, पण फायली तशाच. नैराश्याच्या आणि चिंतेच्या या गोळ्या एडीएचडी बरा करत नाहीत. दुसऱ्या एका दवाखान्यात एडीएचडीचं निदान झालं आणि अॅटोमॉक्सेटिन सुरू झाली. आधीची गोळी कुठली हे तिथे विचारलं गेलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दहा दिवसांत उलट्या, हात थरथरणं, बसल्या जागी नाडी १२०. कारण नंतर समजलं. अॅटोमॉक्सेटिन यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडते, त्यालाच फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन अडवतात. मग रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी चढतं. फ्लुओक्सेटिन बंद केली तरी तिचा असर काही आठवडे रेंगाळतो, म्हणून आज सोडली आणि उद्या दुसरी सुरू, असंही चालत नाही. ही जोडी कायमची वर्ज्य नाही, पण मग अॅटोमॉक्सेटिन फार कमी डोसवर आणि फार सावकाश वाढवायची असते.

त्याच गटातली एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालीन घेत असाल तर ही अडचण बरीच कमी. माझी आजची जोडी एस्सिटॅलोप्राम आणि सकाळी सावकाश सुटणारी मिथाईलफेनिडेट. कुणी म्हणेल, चिंता असताना धडधड वाढवणारी गोळी कशाला? काहींची चिंता तिने खरंच वाढते आणि त्यांना अॅटोमॉक्सेटिन बरी पडते. माझी निम्मी चिंता मुळात अर्धवट राहिलेल्या कामांची होती. कामं होऊ लागली तशी ती ओसरली. तुमची चिंता कुठल्या जातीची आहे हे चार आठवड्यांच्या नोंदीतून दिसतं. मी तारीख, झोपेचे तास, नाडी आणि दिवस कसा गेला याची एक ओळ, एवढंच लिहीत होते.

नैराश्य खोल असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी त्याचे उपचार, एडीएचडीचे थोडे थांबू शकतात. अशा वेळी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक जवळ असू द्या. नैराश्य मध्यम आणि तंबाखूही सोडायची असेल तर ब्युप्रोपियॉनचा विचार होतो. ती नैराश्याला आणि तंबाखू सोडायला चालते, एडीएचडीतही काहींना थोडी मदत करते, जरी मूळ मंजुरी त्यासाठी नाही. मात्र फिट येण्याचा इतिहास असेल तर ती नाही. रोज दारू पिणारा एकाएकी दारू सोडत असेल तरीही नाही. आणि तीही अॅटोमॉक्सेटिनचं तेच एन्झाइम अडवते.

बायपोलर असेल तर

बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार. इथे घाई नको. आधी मूड स्थिर करणारं औषध, मग एडीएचडीचं. स्वीडनमधल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की मूड स्थिर करणाऱ्या औषधाशिवाय मिथाईलफेनिडेट घेतलेल्या बायपोलर रुग्णांत उन्मादाचा धोका वाढला, ते औषध सोबत असताना वाढला नाही. घरात कुणाला असे झटके आले असतील, किंवा तुम्हाला कधी आठवडाभर झोपेशिवाय भन्नाट उत्साह आला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीने व्हॅलप्रोएट (मूड स्थिर करणारी एक गोळी) लिहून मिळाली तर दुसरा पर्याय आहे का हे विचारलंच पाहिजे. गर्भाला तिचा गंभीर धोका असतो.

बीपी, नाडी आणि झोप यांचं थोडक्यात. दोन्ही गोळ्या बीपी चढवतात, म्हणून "अॅटोमॉक्सेटिन सौम्य" हा समज बीपीवाल्याला उपयोगाचा नाही. आधी बीपी आटोक्यात, मग कुठलीही. क्लोनिडीन बीपी उतरवते, रात्री झोपेला मदत करते आणि एडीएचडीतही वापरतात, पण ती एकदम बंद केली तर बीपी उसळतं. गोळ्या विसरणं हाच ज्याचा आजार, त्याने हे दोनदा ऐकावं. सर्दीसाठी परस्पर गोळी घेऊ नका. त्यातल्या फिनाइलएफ्रिनसारख्या घटकाने बीपी आणखी चढू शकतं. अश्वगंधा किंवा कुठलाही काढा चालू असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, "ते काय औषध आहे" म्हणून सोडू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी सुरुवातीलाच होऊन जाऊ दे, लक्ष न लागण्याची ती दोन साधी कारणं असू शकतात.

आणि एका वेळी एकच बदल. माझ्या बाबतीत एकदा एकाच भेटीत एक गोळी बदलली, दुसरीचा डोस वाढवला. झोप उडाली ती कशाने, हे शेवटपर्यंत कळलं नाही, दोन्ही सोडून पहिल्यापासून सुरुवात. तेव्हापासून मी उठायच्या आधी विचारते, "आज यातलं एकच करूया का?" डॉक्टर रागावत नाहीत.

लोक काय म्हणतील ही भीती मला होती, अजून थोडी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं दवाखान्याला बंधनकारक आहे, आणि तुमचे कागद मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. डॉक्टर बदलताना ते कागद मागून न्या. माझ्याकडे ते असते तर ते दहा दिवस टळले असते.

मावसभावाला ऑक्टोबर छाटणीच्या आत फरक हवाय, म्हणून तो मिथाईलफेनिडेटकडे झुकलाय. आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे परत गेलो आणि राहिलेलं सगळं सांगितलं. त्यांनी आधी बीपीची गोळी बदलली, झोपेची वेळ बांधून दिली आणि एडीएचडीचं औषध महिनाभर लांबवलं. तंबाखू आत्ताच सोडवायला ते तयार नाहीत, कारण निकोटिन सोडतानाही लक्ष विस्कटतं आणि मग कशाचा परिणाम ते कळणार नाही. भाऊ नाराज झाला. पण रोज सकाळी आकडे पाठवतोय. कालचे १३४/८६, नाडी ७८, झोप साडेबाराला.