गिटारचं पुस्तक, चौघांत मिळून: नऊ महिन्यांनंतर

नवशिक्यांना गिटार शिकवणाऱ्या या पुस्तकाचं नाव देत नाही. या धाटणीची बरीच पुस्तकं एकाच वळणाची असतात: आधी पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवरचे तीन स्वर, मग दुसरीवरचे, सगळं स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी), आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) बऱ्याच उशिरा. माझी प्रत सव्वासहाशेला पडली. दोन वर्षांपूर्वी एकट्याने सुरू केलं होतं आणि पान १४ वर बंद पडलं. दोष पुस्तकाचा नव्हता. एकटं वाजवताना चुकलं की आपण थांबतो, तोच तुकडा पुन्हा वाजवतो, आणि येतंय असं वाटत राहतं.

या वेळी चौघं होतो. मी, अकरावीतला भाचा, ऑफिसातल्या एक मॅडम, आणि ज्यांच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो ते शेजारचे काका. सांगलीचं विश्रामबाग, रविवार, सकाळी साडेसात. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. गिटार त्यांनी साठीनंतर घेतली.

पहिला फायदा काकांमुळेच झाला. तारांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई पाठ करत आम्ही बसलो होतो, तर त्यांनी जाड तारेपासून पेन्सिलीने पेटीच्या पट्ट्या लिहिल्या: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन. मग म्हणाले, "सगळीकडे सा–म आहे रे, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत सा–ग." पाचव्या पडद्यावर दाबून पुढची तार जुळवायची, पण तिसरी तार मात्र चौथ्यावर दाबायची, हे पुस्तकात नियम म्हणून दिलंय. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं: सा ते म पाच पडदे, सा ते ग चारच.

भांडणही काकांमुळेच. पुस्तकातला स्वर ते पेटीवर वाजवायचे आणि आमचा खालच्या सप्तकात यायचा. दोन रविवार आम्ही ट्यूनर अॅपला शिव्या घातल्या. शेवटी मॅडमना प्रस्तावनेत एक बारीक ओळ सापडली: गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहितात. अशी गोष्ट ठळक छापायला काय जातं?

पण पुस्तकाचा खरा जीव आहे दोन ओळींच्या पानांत. वर मुख्य धून, खाली दुसऱ्या गिटारची साथ. एकटा होतो तेव्हा ही पानं मी सरळ उलटली होती. आता दोघं वर, दोघं खाली, आणि पुढच्या फेरीत अदलाबदल. इथे चुकलं तरी कोणी थांबत नाही. धावत्या एसटीत चढावं तसं पुढच्या मात्रेवर शिरावं लागतं. पहिले तीन आठवडे मी निम्मा वेळ गाडीबाहेरच होतो. वाचताना नजर बोटांच्या पुढे एक मात्रा ठेवायची असते, हे तिथे शिकलो.

बीथोव्हेनच्या १८२४ सालच्या नवव्या सिम्फनीची प्रसिद्ध धून आमच्या पुस्तकात आहे. ग ग म प, प म ग रे. काकांनी ती पाहताक्षणी पेटीवर काढली. गंमत चौथ्या ओळीची. मूळ धुनेत त्या ओळीचा पहिला ग एक मात्रा आधीच येतो, पुस्तकाने तो नवशिक्यांसाठी सरळ करून टाकलाय. भाच्याने मूळ ऐकलेलं, त्यामुळे तो दर वेळी लवकर यायचा आणि आमचं विस्कटायचं. काका म्हणाले, "पोरगं समेआधी येतंय, पण मुद्दाम येतंय." आम्ही पेन्सिलीने त्याचंच बरोबर करून घेतलं.

उलट, पुस्तकातली अमेरिकन लोकगीतं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. सुरुवातीला कंटाळा आला. पण ओळखीची धून कानावरून वाजते, ही वाचावीच लागली. भाचा व्हिडिओ बघून आठवड्यात चार कॉर्ड शिकून आला होता. वाचनात सगळ्यात मागे तोच पडला.

वाद्याबद्दल मात्र पुस्तक मुकं आहे. माझ्या गिटारची पाचवी तार मोकळी वाजवली की झणझणायची, दाबली की साफ. बोट चुकतंय समजून मी महिनाभर स्वतःलाच बोल लावला. शेवटी मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो. ते हसले. "आम्ही घोडी घासून, जवारी काढून झणकार आणतो, तुम्ही तो घालवायला आलात!" डोक्याजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या वरच्या पट्टीतली त्या तारेची खाच खोल गेली होती. त्यांनी पट्टी बदलून दिली, आणि बाराच्या जाड तारांऐवजी दहाच्या बारीक लावा म्हणाले (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत). बोटांचे घट्टे तेवढेच आहेत, दुखणं निम्म्यावर आलं.

पावसाळ्यात तीन रविवार बुडाले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे चढत असताना ग्रुपवर फक्त फुटांचे आकडे येत होते. दमट हवेत तारांवर गंज चढला, तो वेगळा.

बांधणी वाईट. पुस्तक स्टँडवर उघडं राहतच नाही. झेरॉक्सवाल्याकडून कणा कापून स्पायरल मारून घेतलं, चाळीस रुपये. सोबतच्या ऑडिओचा वेग आम्हाला झेपत नाही, म्हणून काका पायाने ठेका धरतात.

एकट्याला घ्यायचं असेल तर मी नको म्हणेन. किमान एक जोडीदार असेल तर घ्या, आणि प्रत प्रत्येकाची वेगळी ठेवा. एकाच पानावर चार डोकी मावत नाहीत. आम्ही आता एफ कॉर्डवर अडलोय, तिथे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. मॅडमचा तो परवा वाजला, सहाच्या सहा तारा. काकांनी चहा पुन्हा ठेवला.