इंटरमिजिएटला ए ग्रेड आणि गणितही चांगलं: आर्किटेक्चर, सिव्हिल की प्रॉडक्शन?

इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड आणि गणितात नव्वदच्या पुढे मार्क, हे दोन्ही एकाच मुलाला मिळालं की घरात कुणीतरी म्हणतंच, "याला आर्किटेक्ट करा." आमच्याकडे आत्या म्हणाली होती. बाबांचं मत सिव्हिल, कारण पीडब्ल्यूडी, जलसंपदा, झेडपी, कुठेतरी चिकटेल. प्रॉडक्शनचं, म्हणजे कारखान्यातल्या कामाची मांडणी शिकवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या ब्रँचचं, नाव कुणीच घेतलं नव्हतं आणि शेवटी मी तेच केलं, पण आधी एक वर्ष बी.आर्कला काढून. म्हणजे आर्किटेक्चर एक वर्ष आतून, सिव्हिल चार वर्षं रूममेटसोबत राहून, आणि प्रॉडक्शन पूर्ण, एवढंच माझं पाहणं आहे. तेवढ्यावरून लिहितोय, कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

किती वर्षांचा कोर्स, प्रवेशाला नाटा की सीईटी, फी किती हे तुम्ही एव्हाना पाहिलं असेलच, त्यात जात नाही.

आधी आर्किटेक्चरबद्दल चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिल्या वर्षात डोळे बदलतात. जिन्याच्या पायरीची उंची, खिडकीची सिल, ओट्याची उंची, हे सगळं आपण अठरा वर्षं वापरत असतो पण दिसत नसतं, ते दिसायला लागतं. आम्हाला बेलापूरला चार्ल्स कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज दाखवायला नेलं होतं. सात सात घरांचा एक गट, मधे छोटंसं सामायिक अंगण, आणि कुठल्याच घराची भिंत शेजारच्याशी सामायिक नाही. सरांनी विचारलं, का नसेल? आम्ही काहीबाही सांगितलं. मग ते म्हणाले की उद्या या माणसाला एक खोली वाढवायची झाली तर शेजाऱ्याला विचारायला लागू नये म्हणून. मला ते इतकं आवडलं की परतीच्या लोकलमध्ये मी तेच डोक्यात घोळवत होतो, की एका भिंतीमागे एवढा विचार असतो आणि तो असा एका वाक्यात सांगता येतो.

आता ज्या गोष्टीवरून माझं ठरलं ती सांगतो. दुसऱ्या सेमिस्टरला डिझाइनचा विषय होता बसस्टॉपजवळचा चहाचा स्टॉल. मी दोन संध्याकाळ एका स्टॉलसमोर वही घेऊन उभा राहिलो. तिथल्या काकांचा स्टोव्ह डावीकडे, गल्ला उजवीकडे आणि ग्लास विसळायची बादली पाठीमागे. म्हणजे चार ग्लास जमले की दर वेळी पूर्ण वळायचं, वाकायचं, परत वळायचं, आणि तेवढ्यात चहा उतू जायला आलेला असायचा. एका तासात किती वेळा वळले ते मी मोजलं. मग माझ्या प्लॅनमध्ये बेसिन काउंटरखाली उजव्या हाताला घेतलं, त्याच्या वर ग्लास निथळायची जाळी, पैसे द्यायची बाजू आणि चहा घ्यायची बाजू वेगळी. काउंटरची उंची काकांच्या कोपरावरून ठरवली. दोन नाइट मारून माउंट बोर्डचं मॉडेल केलं, जाळीसाठी मच्छरदाणीचा तुकडा कापून लावला, बोटं फेव्हिक्विकने चिकटलेली.

ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर आपलं काम मांडायचं तेव्हा, तिघे होते. पाचेक मिनिटं पाहिलं. एकाने मॉडेल उचलून बाजूने बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण मजा नाही आली." मी विचारलं, सर, नेमकं काय कमी आहे? तर उत्तर आलं, "ते तुला जाणवायला हवं." पुढचा रोल नंबर. माझ्या मैत्रिणीचं वळणदार छप्पर त्यांना फार आवडलं, आणि ते देखणं होतंच, मलाही आवडलं होतं. पण ग्लास कुठे विसळायचे हे तिघांपैकी कुणी तिलाही विचारलं नाही आणि मलाही नाही.

मार्क कमी पडले याचं वाईट वाटलं नाही, खरंच. पण कारण न कळणं मला सोसेना. चुकलं असेल तर कुठे चुकलं ते सांगा, मी पुन्हा करतो, दहा वेळा करतो. बेलापूरला भिंतीमागचं कारण एका वाक्यात सांगणारं हेच शिक्षण, माझ्या शीटबद्दल मात्र एक कारण देऊ शकलं नाही. तिसऱ्या ज्युरीलाही तोच शब्द ऐकला तेव्हा घरी फोन केला.

हे सगळ्या कॉलेजांत असंच असतं असं मी म्हणणार नाही. माझे काही ज्युनियर सांगतात की त्यांना असे सर-मॅडम मिळाले की शीटवर ट्रेसिंग ठेवून स्वतः स्केच काढून दाखवायचे. पण ज्युरी ही पद्धत सगळीकडे आहे आणि तिच्यात समोरच्याच्या आवडीनिवडीला बरीच जागा आहे, पाच वर्षं दर सेमिस्टरला त्यातून जायचंय. काही मुलांना याचा अजिबात त्रास होत नाही, उलट त्यातूनच ती फुलतात, स्वतःचं म्हणणं ठासून मांडायला शिकतात. तुम्ही तसे असाल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, बी.आर्क घ्या.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र माहीत असू द्या. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे काउन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' या पदवीला संरक्षण देतो, डिझाइनचं काम दुसऱ्या कुणी करूच नये असं त्यात नाही. तालुक्याच्या गावी तर लोक आजही "इंजिनियरकडून प्लॅन काढला" असंच म्हणतात. म्हणजे पाच वर्षं झिजून, शीट-मॉडेल-प्लॉटिंगचा खर्च करून बाहेर पडल्यावर गावात तुमची स्पर्धा चार वर्षांच्या सिव्हिलवाल्याशी असते. शहरात चांगल्या ऑफिसात शिकायला भरपूर मिळतं, पण माझ्या बॅचच्या मुलांचे सुरुवातीचे पगार ऐकून मला वाईट वाटायचं. दहाएक वर्षांनी ज्यांची स्वतःची प्रॅक्टिस उभी राहिली ते मात्र आज आम्हा सगळ्यांपेक्षा समाधानी दिसतात, हेही सांगायलाच हवं.

सिव्हिलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना बऱ्यापैकी माहीत असतं. ज्याला 'घर बांधणं' आवडतं पण 'घर सुचणं' एवढं महत्त्वाचं वाटत नाही, त्याच्यासाठी ते उत्तम. माझ्या रूममेटच्या सबमिशनला उत्तर एक तर बरोबर असायचं नाही तर चूक. बीम पास किंवा फेल. काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवून मशीनमध्ये दाबायचा, एम-२० ग्रेडचं काँक्रीट म्हटलं तर दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटनचा हिशोब लागलाच पाहिजे, तिथे कुणाला मजा येण्या-न येण्याचा प्रश्नच नाही. मला त्याचा हेवा वाटायचा. सरकारी परीक्षांत जागाही सिव्हिललाच जास्त निघतात, त्यामुळे बाबांचं गणित चूक नव्हतं.

मग सिव्हिल का नाही घेतलं? कारण रूममेटच्या पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण 'दिलेले आहे' पासून सुरू व्हायचं. खोली चार बाय पाच मीटर दिलेली, लोड दिलेला. ती खोली चार बाय पाचच का, आणि तिथे कोण राहणार, हे त्या उदाहरणात येत नाही. आणि साइटचं आयुष्य हे फार प्रेमाने स्वीकारावं लागतं. तो समृद्धी महामार्गाच्या कामावर होता, ७०१ किलोमीटरच्या रस्त्यातला काही किलोमीटरचा तुकडा त्याचा, कॅम्पमध्ये राहायचं, घरी येणं दोन-दोन महिन्यांनी. त्याला आवडलं ते, अजूनही त्या रस्त्याने गेलो की आपला तुकडा दाखवतो. पण लग्न ठरताना मात्र बरीच बोलणी झाली.

आता प्रॉडक्शन-इंडस्ट्रियल. आधी एक गोंधळ दूर करतो कारण दरवर्षी कुणीतरी मला हे विचारतंच. इंडस्ट्रियल डिझाइन वेगळं आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग वेगळं. पहिलं म्हणजे वस्तू कशी असावी, खुर्ची, मिक्सर, रिक्षाची सीट, त्यासाठी आयआयटी मुंबईचं आयडीसी आहे १९६९ पासूनचं, अहमदाबादची एनआयडी आहे, आयडीसीत बी.डिझाइनला यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ए ग्रेडवाल्यांनी तेही नक्की बघावं. दुसरं म्हणजे काम कसं व्हावं, माणूस, मशीन, माल आणि वेळ यांची मांडणी. आपल्याकडे पदवीला शुद्ध 'इंडस्ट्रियल' नाव कमी ठिकाणी दिसतं, बहुतेक ठिकाणी प्रॉडक्शन किंवा मॅन्युफॅक्चरिंग नावाखाली शिकवतात आणि इंडस्ट्रियलचं खोलात शिक्षण पुढे एम.टेकला होतं. पवईची नीटी, १९६३ ची, याच कामासाठी काढली होती, २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली. एम.टेकच्या प्रवेशाची जी गेट परीक्षा, तिलाही प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा पेपर असतो.

वर्क स्टडी, म्हणजे काम कसं होतं आणि त्याला किती वेळ लागतो हे मोजायचा विषय, त्याच्या पहिल्या लेक्चरला मॅडमनी फ्रँक गिलब्रेथची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला माणूस १८८५ मध्ये गवंड्याच्या हाताखाली लागला. त्याने पाहिलं की प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या तऱ्हेने लावतो आणि दर विटेला वाकतो. त्याने विटा आणि मसाला कमरेच्या उंचीला राहील अशी वरखाली होणारी परांची केली आणि एका विटेमागच्या १८ हालचाली जवळपास पाचवर आणल्या. त्याची बायको लिलियन पुढे स्वयंपाकघराच्या मांडणीवर काम करत होती, एक पदार्थ करताना किती पावलं पडतात हे मोजून. मी बाकावर बसून ऐकत होतो आणि मला तो चहाचा स्टॉल आठवत होता. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला टू-हँडेड प्रोसेस चार्ट काढायला दिला, म्हणजे डावा हात काय करतो, उजवा काय करतो, एकमेकांसमोर लिहायचं. मी वर्षापूर्वी वहीत हेच लिहिलं होतं, फक्त त्याला असा तक्ता असतो हे माहीत नव्हतं.

ट्रेनिंगला चाकणजवळ एका कारखान्यात होतो. एका असेंब्ली लाइनवर ४५० पीस निघायला हवे होते आणि चारशेच्या आत अडकत होते. शिफ्टचे जेवण-चहा सोडून ४५० मिनिटं, म्हणजे दर ६० सेकंदाला एक पीस. पाचव्या स्टेशनवर मामा होते, त्यांना ६८ सेकंद लागत होते. सगळ्यांना वाटायचं मामांचं वय झालंय. मी स्टॉपवॉच काढण्याआधी त्यांच्याशी बोललो, कारण घड्याळ दिसलं की माणूस घाबरतो आणि वेग बदलतो हे एव्हाना कळलं होतं. बोल्टचा बिन त्यांच्या मागच्या रॅकवर होता. दर पीसला वळायचं आणि वाकायचं. बिन पुढे, कोपराच्या उंचीला, थोडा तिरका लावला. पाच सेकंद वाचले. स्टिकर लावायचं काम शेजारच्या स्टेशनला दिलं, तिथे वेळ शिल्लक होता, आणखी चार गेले. ५९ सेकंद. दोन दिवसांनी मामा म्हणाले, "संध्याकाळी कंबर धरत नाही आता."

ते ऐकून मला जे वाटलं ते कुठल्याही शीटवर मिळालेल्या मार्कांनी वाटलं नसतं. आणि सुपरवायझरने विचारलं, कशावरून म्हणतोस सुधारेल, तर माझ्याकडे आकडा होता. त्याला पटलं नसतं तर तोही आकडा दाखवून बोलला असता. मला एवढंच हवं होतं.

तोटे आहेत, ते लपवत नाही. नातेवाइकांना सांगून कळत नाही तुम्ही काय करता. बऱ्याच कंपन्या तुम्हाला मेकॅनिकलच्याच रांगेत उभं करतात. शॉप फ्लोअरला उकाडा, आवाज, शिफ्ट हे सुरुवातीची दोन-तीन वर्षं चुकत नाही. आणि एक दुःख राहतंच, की बोट दाखवून "हे मी केलं" असं म्हणता येईल अशी इमारत किंवा रस्ता तुमच्या नावावर नसतो. सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तुमच्या मोजमापातून कधीकधी माणसं कमी करायचा निर्णय निघतो. मला दोनदा त्या मीटिंगमध्ये बसावं लागलंय, रात्री झोप लागली नव्हती. पण हेच शास्त्र हॉस्पिटलच्या ओपीडीच्या रांगेला, गोडाऊनला, बसच्या वेळापत्रकालाही लागू होतं, त्यामुळे चाकण-भोसरीत कंटाळा आला तर बाहेर पडायला दारं बरीच आहेत.

म्हणून माझं मत विचाराल तर, चित्र काढताना तुम्हाला रेषेतच आनंद मिळत असेल, तर आर्किटेक्चर, आणि नाटा मनापासून द्या. ठाम उत्तर आणि स्थिर नोकरी हवी असेल आणि घरापासून लांब राहायची तयारी असेल तर सिव्हिल, त्यात काहीही कमीपणा नाही. पण चित्र काढताना तुमचं लक्ष 'इथून माणूस कसा जाईल, त्याचा हात कुठे पोचेल' इकडेच जात असेल, तर ऑप्शन फॉर्ममध्ये प्रॉडक्शन खाली ढकलू नका. मेकॅनिकल नाही मिळालं म्हणून घ्यायची ब्रँच असं तिच्याबद्दल बोललं जातं, ते मनावर घेऊ नका.

फॉर्म लॉक करायच्या आधी मात्र एक कराच. ओळखीतून कुठल्याही कॉलेजची एक ज्युरी मागे उभं राहून बघा, बहुतेक ठिकाणी सीनियरसोबत आत जाता येतं. जमलं तर एखाद्या साइटवर स्लॅब पडतो त्या दिवशी सकाळपासून थांबा. आणि कारखान्यात जायला मिळालं नाही तर जवळच्या चहाच्या स्टॉलसमोर वही घेऊन तासभर उभे राहा. तासाभराने कंटाळा आला की अजून थांबावंसं वाटलं, ते घरी येऊन आईबाबांना सांगा आणि मग फॉर्मला बसा.